आधी तिचं ताट



या स्मृतिव्याख्यानासाठी संयोजकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, पोटुशा बाईच्या जेवणावर बोलायचं आहे. त्यांच्यातल्या एकांनी आपुलकीनंच सुचवलं की, हा विषय महिला मेळाव्यात घेऊ या. मी आग्रह धरला की नाही, हा विषय इथेच बोलायचा. या सभागृहात घरातले कर्ते पुरुष बसतात, सासरे बसतात, सरपंच बसतात, म्हणून इथेच. माझा आग्रह त्यांनी मानला, त्यांची मी ऋणी आहे.

एका प्रश्नानं सुरुवात करते. काल रात्री तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवलं? आणि ती जेवायला बसली तेव्हा कोरड्यासाच्या पातेल्यात काय उरलं होतं?

उत्तर मोठ्यानं द्यायला नको, मनात दिलंत तरी पुरे. पण ते उत्तर मनात धरूनच माझं पुढचं बोलणं ऐका.

आपल्या उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. पण देशभरातल्या पशुपालकांच्या तोंडी अजून एक जुनं नाव आहे, उस्मानाबादी शेळी. काळी, काटक, दुष्काळात तगणारी आणि बहुतेकदा जुळं देणारी. ही शेळी गाभण राहिली की आपण काय करतो? शेवटच्या दीड महिन्यात तिचा खुराक वाढवतो. मूठभर भरडा, थोडी पेंड, शेवरीचा नाहीतर सुबाभळीचा हिरवा पाला. हे कुठल्या अधिकाऱ्यानं येऊन सांगावं लागत नाही. आणि आजवर कुणी असं म्हटलेलं मी ऐकलं नाही की, हिला जास्त घालू नका, करडू मोठं होईल आणि आडेल. मग घरातल्या सुनेला सातवा लागला की हेच वाक्य कुठून येतं? "जास्त खाऊ नको, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल." शेळीला जे कळकळीनं देतो, ते सुनेला देताना आपला हात का आखडतो? लक्षात घ्या, त्या शेळीपुढे पाला टाकणारा हात बहुतेक घरांत त्या सुनेचाच असतो. दोन जीवांची बाई दोन जीवांच्या शेळीला खाऊ घालते आणि स्वतः चुलीपुढे बसून तिखट-मीठ लावून भाकरी खाते.

मला आज मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. गरीब घरातली गरोदर बाई नीट जेवत नाही, ती तिला कळत नाही म्हणून नव्हे. ती जेवत नाही, कारण ताटाच्या रांगेत ती शेवटची आहे, रानात काय पेरायचं हे ती ठरवत नाही आणि घरातला पैसा तिच्या हाती नाही. आपण मात्र पन्नास वर्षं तिला उपदेश करत आलो. भिंतीवर तक्ते लावले. त्या तक्त्यांवर सफरचंद असतं, द्राक्षाचा घड असतो, दुधाचा पेला असतो. बाई तक्त्याकडे बघते, मान हलवते आणि घरी जाते. घरी काय असतं?

घरी काय असतं, आणि पूर्वी काय होतं, यावर जरा थांबू या. आपल्या या कोरडवाहू पट्ट्यात ज्वारीच्या रानात नुसती ज्वारी कधीच नसायची. तुरीचे पाटे असायचे. मूग, उडीद, मटकी, हुलगा असायचा. बांधाकडेला अंबाडी, कडेच्या तासांना करडई, जवस, कारळ. बाई खुरपायला गेली की येताना ओट्यात तांदुळजा, घोळ, पाथरी घेऊन यायची. रब्बीत हरभऱ्याचा कोवळा पाला, करडईची भाजी. गरिबी तेव्हाही होती. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायका आणि तिथं वाटलेली सुकडी आठवणारी माणसं या सभागृहात आहेत. जुना काळ सोन्याचा होता असं मला म्हणायचं नाही. पण बरा पाऊस झालेल्या साली गरिबाच्या भाकरीसोबत डाळ होती, पाला होता, कारळाची चटणी होती.

मग सोयाबीन आलं. सोयाबीननं शेतकऱ्याच्या हातात चार पैसे दिले, ते मी नाकारत नाही. पण सोयाबीन खळ्यावरून थेट अडतीला जातं, घरच्या डब्यात येत नाही. तणनाशक फवारलं की तणाबरोबर तांदुळजाही जातो, घोळही जाते. जी भाजी बाईला फुकट मिळायची, ती आता आठवडी बाजारात विकत घ्यायची, आणि बाजार पुरुषमाणूस करतो. दुधाचंही तेच. भूमचा खवा दूरदूर जातो, त्यावर कितीतरी घरं चालतात. पण धार काढणाऱ्या बाईला विचारा, तुझ्या वाट्याला पेलाभर दूध येतं का? येतं ते चहापुरतं. आणि तो चहाही जेवणाला लागूनच प्याला, तर अन्नातलं लोह नीट अंगी लागू देत नाही.

आता याच्या जोडीला एक गोष्ट शास्त्राची. ती मी सावकाश सांगणार आहे, कारण ती आपल्याच मातीत झालेली आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, आपल्यासारख्याच बायका. गरोदर राहण्याआधी त्यांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आतबाहेर होतं. त्यांची बाळं सरासरी पावणेतीन किलोंनाही थोडी कमीच भरली. संशोधकांनी या बायका काय खातात, किती खातात, हे बारकाईनं मोजलं. आता आपल्याला वाटेल, जितकी भाकरी जास्त तितकं बाळ मोठं. तसं निघालं नाही. बाळाच्या वाढीशी नातं दिसलं ते हिरव्या पालेभाज्यांचं, फळांचं आणि दुधाचं. ज्या बायकांच्या खाण्यात या गोष्टी वरचेवर होत्या, त्यांची बाळं भरलेली होती. आणखी एक निघालं. ज्या बायकांना गरोदरपणात अंगमेहनत जास्त होती, त्यांची बाळं लहान भरली. म्हणजे बाईच्या पोटात काय गेलं, एवढंच विचारून भागत नाही. तिच्या डोक्यावर काय होतं, हेही विचारावं लागतं. पाण्याची घागर होती का? सरपणाचा भारा होता का?

याच अभ्यासातून एक चिंतेची गोष्ट जगापुढे आली. आपली बाळं दिसायला किडकिडीत असतात, पण त्या मानानं त्यांच्या अंगात चरबी जास्त असते. अशी बाळं पुढं मोठी झाली, बरं खाऊ लागली की त्यांना मधुमेह लवकर गाठतो. आज तालुक्याच्या गावी चाळिशीतल्या माणसांची साखरेच्या तपासणीला रांग लागते. त्या आजाराची काही मुळं आईच्या ताटात आहेत. आज आईला दिलेली पालेभाजी ही पन्नास वर्षांनंतरच्या माणसाचं औषध आहे, असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती समजू नका.

दुसरा अभ्यास मुंबईच्या झोपडपट्ट्यांतला. डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. साडेसहा हजारांवर बायका त्यात होत्या. काहींना पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ रोज दिला, बाकीच्यांना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. आणि हा खाऊ गर्भ राहण्याच्या आधीपासून सुरू केला. एकूण सगळ्या बायकांचा हिशेब केला तर बाळांच्या वजनात ठळक फरक दिसला नाही. हे मी लपवत नाही. पण ज्या बायकांनी गर्भ राहण्याच्या निदान तीन महिने आधीपासून तो खाऊ खाल्ला होता, त्यांच्या बाळांचं वजन वाढलं. आणि गरोदरपणात होणाऱ्या मधुमेहाचं प्रमाण दर शंभरात सुमारे १२ वरून ७ पर्यंत आलं.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? आपण सातव्या महिन्यात जागे होतो. सातव्यात डोहाळजेवण करतो, ओटी भरतो, हिरवी साडी नेसवतो, पाच प्रकारचं गोडधोड करतो. सुंदर चाल आहे ती. बाईला काय खावंसं वाटतं ते विचारायचं, ही आपल्या परंपरेनं शिकवलेली गोष्ट आहे. पण विचारायचं ते एकाच दिवशी का? आणि सातव्यातच का? बाळाचं मूळ शरीर पहिल्या तीन महिन्यांत घडतं. तेव्हा बाईला उमासे येत असतात, अन्न नको वाटत असतं, आणि घरात कुणाला धड सांगितलेलंही नसतं. त्या तीन महिन्यांत तिच्या अंगात जे साठलेलं असतं त्यावरच बाळ वाढतं. साठलेलं किती असतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या, दर शंभरातल्या ५४ जणींच्या, अंगात रक्त कमी आढळलं. गरोदर बायकांत हा आकडा ४६ च्या जवळ होता. म्हणजे गरोदरपणामुळे रक्त कमी झालं असं नाही. ती आधीच कमी रक्ताची होती, त्यातून तिनं दुसरा जीव पोसला. आणि जिथं लेकीचं लग्न अठराच्या आत उरकलं जातं, तिथं तर वाढत्या वयाची मुलगीच आपल्या वाढत्या हाडांतून बाळाला वाटा देते. त्या मुलीला आपण कुठल्या तोंडानं सकस आहाराचा तक्ता दाखवायचा?

आता मी साखर कारखान्याच्या रस्त्यानं ऊसतोडीला निघालेल्या बाईकडे वळते. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागातले श्रोते इथे आहेत, त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येतो. उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको पोटुशी आहे म्हणून घरी ठेवली तर अर्धा कोयता होतो, आणि अर्ध्या कोयत्याची उचल कोण देणार? म्हणून ती जाते. चौथ्या महिन्यात जाते, सहाव्यात जाते. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापते. तीच भाकरी फडात दुपारी, गार, तिखटाबरोबर. दिवसभर मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. आजारी पडून बसली तर खाडा. आठवडी बाजार लांब, कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, चूल तीन दगडांची. भाजी कुठून येणार? दूध कुठून येणार?

तिचं नाव गावाकडच्या अंगणवाडीच्या यादीत असतं. पोट दोनशे किलोमीटरवर असतं. नाव इकडं, पोट तिकडं. नियम असा आहे की बाई जिथं असेल तिथल्या अंगणवाडीत तिची नोंद व्हावी आणि तिला तिथंच आहार मिळावा. रेशनही आता कुठल्याही गावी उचलता येतं. पण हे तिला सांगायचं कुणी? परक्या गावच्या अंगणवाडीत ती कोयता टाकून कधी जाणार? फडावरून सुटते तेव्हा अंगणवाडी बंद झालेली असते. आपल्या जिल्ह्यातही कारखाने आहेत, आपल्या शिवारातही बाहेरून आलेल्या टोळ्यांच्या कोप्या पडतात. आपली लेक परगावी गेली आहे म्हणून आपण हळहळतो. आपल्या वेशीबाहेर कोपीत बसलेली पोटुशी बाईही कुणाची तरी लेक आहे. तिची विचारपूस आपल्या गावानं एकदा तरी केली आहे का?

सरकारी योजनांबद्दल थोडक्यातच बोलते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्रत्येक गरोदर बाईला, आणि बाळंतपणानंतर सहा महिने, अंगणवाडीतून मोफत जेवणाचा हक्क दिला. हक्क, उपकार नव्हे. प्रत्यक्षात तिच्या हाती येतं ते घरी न्यायच्या आहाराचं पाकीट. त्यासाठी दिवसाला, दर बाईमागे, २०१७ साली ठरलेला खर्च होता साडेनऊ रुपये. पाकीट घरी आलं की घरचं होतं. त्याचा शिरा केला तर लेकरांना, सासऱ्यांना, आल्यागेल्याला. आई म्हणून ती आधी लेकराच्या ताटात घालणार, यात तिचा दोष नाही. मातृवंदना योजनेतून पहिल्या खेपेला ५००० रुपये मिळतात. त्यातले ३००० गरोदरपणात आणि २००० बाळाच्या जन्माची नोंद अन् लसी झाल्यावर. ३००० रुपये नऊ महिन्यांत वाटले तर दिवसाला अकरा रुपये.

पण याच महाराष्ट्रात एक चांगलं उदाहरण आहे. आदिवासी भागासाठी २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा बाईला अंगणवाडीत बसवून एक वेळचं गरम, पूर्ण जेवण. भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं. बसवून जेवायला वाढलं की ते तिच्याच पोटात जातं, हे त्यातलं मर्म आहे. उमरग्याच्या पलीकडे सीमा ओलांडली की कर्नाटकानं २०१७ मध्ये सगळ्या राज्यासाठी असं जेवण सुरू केलं. तेलंगणानं जेवणाबरोबर अंडं आणि पेलाभर दूध दिलं. अडचणी तिथंही आल्या. लांबच्या वस्तीवरून रोज चालत यायला बायकांना जमेना, शेतातली मजुरी बुडू लागली. पण जेवण वस्तीजवळ नेता येतं, वेळ बदलता येते. धाराशिव आदिवासी जिल्हा नाही, म्हणून अमृत आहार आपल्याला नाही. २०१८ मध्ये नीती आयोगानं देशातल्या मागास राहिलेल्या जिल्ह्यांची यादी केली. महाराष्ट्रातले चारच जिल्हे त्यात होते, गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि आपण. त्या यादीत आपण गडचिरोली-नंदुरबारच्या शेजारी बसतो. मग जेवणाच्या पंगतीत का बसायचं नाही?

आपल्या जिल्ह्यात काहीच झालं नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभं केलं. गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना त्यांनी भारतवैद्य, म्हणजे गावच्या आरोग्यसेविका, केलं. शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये आले, तेव्हा त्यांना दिसलं की लोकांना औषधाच्या आधी पाणी हवं आहे, अन्न हवं आहे. त्यांनी तिथून सुरुवात केली. या दोन्ही ठिकाणी गरोदर बाईला "खा" असं सांगायला शहरातली डॉक्टरीण गेली नाही. गेली ती तिच्याच गल्लीतली बाई. तिनं सुनेआधी सासूशी बोलणं केलं. सासूला दोष देऊन काही होत नाही. तिनं स्वतःची बाळंतपणं उपाशीपोटी काढलेली असतात, अडलेल्या बाईचं मरण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तिची भीती खरी आहे. ती भीती खोटी ठरवायची नाही, दूर करायची. आता दवाखाना आहे, गाडी आहे, अडली तर नेऊ, पण बाळ अडीच किलोच्या खाली भरलं तर ते जगवणं जास्त अवघड आहे, हे तिच्याजवळ बसून तिला सांगावं लागतं.

आणि मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते एकरभर रानाचं काम. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि आपल्या जिल्ह्यात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं बायकांना घरबांधणीच्या कामात पुढं आणलं. पुढं दुष्काळ येत राहिले, तेव्हा याच बायकांनी घरात एक मागणी केली. सगळं रान नको, अर्धा-एक एकर माझ्या मर्जीनं पेरू द्या. त्यात त्यांनी ज्वारी-बाजरी, डाळी, भाजीपाला घेतला. गांडूळखत वापरलं. आधी घरात खायचं, उरलं तर विकायचं. पाऊस दगा देतो तेव्हा एक पीक जातं, चार राहतात. या कामाला जगानं नावाजलं, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पण पुरस्कारापेक्षा मोठी गोष्ट अशी की, ज्या घरात बाई काय पेरायचं ते ठरवते, त्या घरात पोटुशा सुनेसाठी मेथीची जुडी विकत आणावी लागत नाही. ज्यांना रान नाही त्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. पण शेवग्याच्या एका झाडाला रान लागत नाही, न्हाणीच्या पाण्यावर ते वाढतं. आणि गावची गायरान जागा चार-चार बायकांच्या गटाला भाजीपाल्यासाठी देता येते का, हे ग्रामसभेनं तपासावं.

आता माझं मागणं. ते मी घरापासून सुरू करते. घरात पोटुशी बाई असेल तर पहिलं ताट तिचं. कोरड्यासातली डाळ तिला खालून ढवळून वाढायची, वरचं पाणी नाही. दिवसातून एकदा पालेभाजी, मूठभर शेंगदाणे आणि गूळ, जमेल तेव्हा अंडं. लोहाची लाल गोळी रोज, चहाबरोबर नाही, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर. दुपारी तासभर आडवं पडायला मिळावं. पाण्याची घागर तिच्या डोक्यावर नको, ती नवऱ्यानं आणावी. यात फुकटचं काही मागितलं आहे का? मागितला आहे तो फक्त क्रम.

आणि गावासाठी. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. किती गावांत तो पैसा खुर्च्या आणि सतरंज्यांवर जातो, ते सरपंचांनी आपल्या मनाशी आठवावं. त्या पैशातून गावातल्या गरोदर बायकांसाठी अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण सुरू करता येईल. खेड्यात एका वेळी गरोदर बायका असतात किती? बहुतेक गावांत बोटांवर मोजण्याइतक्या. बचत गटाच्या बायका रांधतील, आशाताई लक्ष ठेवतील. ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बायकांची यादी दसऱ्याआधी करून ज्या गावी त्या निघाल्या तिथल्या अंगणवाडीला कळवायची. आपल्या शिवारातल्या कोप्यांवर जेवणाचा डबा संध्याकाळी पोचवायचा. आणि सगळ्या ग्रामसभांनी मिळून सरकारकडे एकच मागणी करायची की, अमृत आहार धाराशिवला लागू करा.

अशा ठरावाचा मसुदा मी करून आणला आहे, एका पानाचा. त्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येक गावानं एक प्रत घेऊन जावी आणि येत्या ग्रामसभेत ती वाचावी. घरचं ताट मात्र ग्रामसभेपर्यंत थांबवू नका, ते आज रात्रीच आधी वाढा.